पारोळा रोडचं काम : आठ झोनची साउंड सिस्टिम, नोंदवहीतून

१० फेब्रुवारी २०२५

पहिली भेट. धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना महामार्ग ५३ ला लागूनच नव्या रेस्टॉरंट आणि लग्नाच्या हॉलची जागा आहे. मालकांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो. प्लास्टर झालंय, पीओपी अजून लागलेलं नाही, म्हणजे वायर टाकायला आपण वेळेत पोचलो. उद्घाटन आखाजीला (अक्षय्य तृतीया), ३० एप्रिलला.

खाली फॅमिली रेस्टॉरंट, रिसेप्शन आणि वधू-वरांच्या खोल्या. मागे एसी बँक्वेट हॉल, त्याला लागून पंगतीचा हॉल. बाहेर लॉन, वर गच्ची, पुढे पार्किंग. एकाच वेळी रेस्टॉरंटमध्ये प्रवासी शेवभाजी खात असतील, हॉलमध्ये लग्न लागत असेल आणि गच्चीवर कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस चालू असेल. प्रत्येक जागेला, म्हणजे झोनला, वेगळा आवाज हवा, आणि एकाचा दुसऱ्याला त्रास नको.

नानांकडे एक कोटेशन आधीच आलंय : ३२ चॅनेलचा डिजिटल मिक्सर, मोठे टॉप आणि मोठे बेस स्पीकर. मी जरा थांबा म्हटल्यावर नाना म्हणाले, "इतला पैसा लाई राहिनू, मंग मोठं मशीन काबर नही?" (एवढा पैसा लावतोय, मग मोठं मशीन का नको?) त्यांचं चुकत नाही. विहिरीवर मोटर बसवताना माणूस पाचऐवजी साडेसात एचपीची घेतो, पुढे पाणी खोल गेलं तर अडायला नको म्हणून. तोच हिशोब त्यांनी इथे लावला. आठ दिवस मागून घेतले.

१३ फेब्रुवारी

टेप घेऊन दिवसभर मापं. रेस्टॉरंट ४८ बाय ३२ फूट, छत १२ फुटांवर. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतो, म्हणजे स्पीकर ते कान ८ फूट. ९० अंशांत आवाज पसरवणारा सीलिंग स्पीकर कानाच्या उंचीवर १६ फूट व्यासाचं वर्तुळ भरतो. १६-१६ फुटांवर लावले तर वर्तुळं नुसती कडेला कडा लावून बसतात आणि मधल्या टेबलांवर आवाज कमी पडतो. म्हणून १२-१२ फुटांवर घेतले. चार गुणिले तीन, बारा स्पीकर. सहा स्पीकरमध्येही आवाज "येतो", पण मग स्पीकरखालचा माणूस वेटरला कमी करा सांगतो आणि कोपऱ्यातला वाढवा सांगतो. बारा लावले की सगळ्यांनाच हळू लावता येतं. पीओपीवाल्या मामांना भोकांच्या जागा खडूने आखून दिल्या.

बँक्वेट हॉल ८० बाय ५०, छत १८ फूट. स्टेजपाशी एक जोडी, ४५ फुटांवर दुसरी. मागच्या जोडीला डिले लागणार : ४५ फूट म्हणजे १३.७ मीटर, आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे ४० मिलीसेकंद. एवढा उशीर दिला नाही तर मागच्या रांगांना मंगलाष्टकातला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

१७ फेब्रुवारी

निर्णयाच्या आधी मनात असलेली गोष्ट लिहून ठेवतो, कारण एका जुन्या कामामुळेच मी ३२ चॅनेलला नाही म्हणतोय.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या एका हॉलला मी स्वतः लाइव्हचा डिजिटल मिक्सर बसवून दिला होता. मशीन चांगलं होतं, आजही चांगलंच आहे. लग्नाच्या दिवशी ते सांभाळायला तिथला एक वेटर होता. मंगलाष्टकं सुरू झाली, आवाज कमी वाटला म्हणून त्याने फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) वर केले. पण आदल्या दिवशीच्या बँडवाल्याने फेडर स्टेज मॉनिटरच्या, म्हणजे स्टेजवरच्या माणसांना ऐकू येणाऱ्या स्पीकरच्या मिक्सवर ठेवले होते, ते बटण तसंच लागलेलं. पोराला वाटलं आपण हॉलचा आवाज वाढवतोय, वाढला भटजींच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर. शिट्टी सुरू झाली. त्याने घाबरून आणखी वर-खाली केलं. मला फोन आला तेव्हा मागे ती शिट्टी ऐकू येत होती. मी विचारलं, कोणता दिवा लागलाय? तो म्हणाला, "भाऊ, सगळेच लागेल शेत." (सगळेच लागलेत.) शेवटी कोणीतरी मेनची पिन ओढली आणि उरलेली मंगलाष्टकं माईकशिवाय झाली. मागच्या बाकड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना त्यातलं काही ऐकू आलं नसणार. ते लग्न परत लागत नाही.

त्या पोराची चूक नव्हती. ते मशीन त्याच्या हातासाठी नव्हतंच, आणि ते त्याच्या हातात मी दिलं होतं. पारोळा रोडला पहिला प्रश्न चॅनेलचा नाही : संध्याकाळी आठ वाजता बटणावर कोणाचा हात असणार, हा आहे.

२० फेब्रुवारी

तीन पर्याय कागदावर मांडले.

पहिला, लाइव्ह मिक्सर. बेहरिंगरचा एक्स-३२ धरू, कारण आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त फिरतो. ३२ इनपुट, १६ मिक्स बस आणि ६ मॅट्रिक्स (वेगवेगळा मिसळलेला आवाज बाहेर काढायच्या वाटा). आठ झोन काढायला कागदावर पुरून उरतो. पण तो रोज माणूस मागतो, आणि नानांकडे साउंडचा पगारी माणूस राहणार नाही.

दुसरा, झोनची बटणं असलेला १०० व्होल्टचा मिक्सर अँप (जास्त व्होल्टवर लांबच्या पुष्कळ स्पीकरना आवाज पाठवणारा). शाळा, देवळं, स्टेशनं यावर वर्षानुवर्षं चालली आहेत. टिकाऊ, स्वस्त, समोरची बटणं कोणालाही समजतात. अडचण एकच : त्यात झोन चालू-बंद होतो, पण सगळ्या झोनला वाजतं तेच एक. रेस्टॉरंटला जुनी गाणी आणि गच्चीला वाढदिवसाची, हे त्याला जमत नाही.

तिसरा, स्थिर बसवायचा डीएसपी, म्हणजे आवाजाची सगळी जोडणी आतल्या आत करणारा डिजिटल बॉक्स. यामाहाची एमटीएक्स, ॲलन अँड हीथची एएचएम, बीएसएसची साउंडवेब लंडन, सिमेट्रिक्स, सगळे याच जातीचे. पुढच्या बाजूला फेडर नाहीत. आतली जोडणी लॅपटॉपवर एकदा करायची, रॅकला कुलूप लावायचं आणि लोकांच्या हाती भिंतीवरची मोजकी बटणं द्यायची. कोणतंही इनपुट कोणत्याही आउटपुटला, हवं तेवढं. जाड-बारीक आवाज जुळवणारा इक्यू, डिले, आवाजाला वरची हद्द घालणारा लिमिटर, सगळं आत.

इनपुट मोजले : रिसेप्शनचा माईक १, बँक्वेटमधला छोटा मिक्सर २, लॉनच्या भिंतीवरचा जॅक २, गाण्यांचे दोन प्लेअर मिळून ४, टीव्ही २. अकरा. आउटपुट : रेस्टॉरंट, रिसेप्शन-खोल्या, पंगत, बँक्वेट पुढे, बँक्वेट मागे, लॉन, गच्ची, पार्किंग. आठ. साउंडवेबचा बीएलयू-१०० हा १२ इन, ८ आऊट आहे. मापाला बसतो.

आणखी एका गोष्टीने तो मला पटला. त्याच्या पाठीमागे कंट्रोल पोर्ट आहेत, त्यांना साधा पॉट (फिरवून आवाज कमी-जास्त करायचं बटण) जोडता येतो. महागडं टच पॅनेल बिघडलं तर कुरिअरची वाट बघायची. पॉट बिघडला तर धुळ्याच्या बाजारातून आणून तासाभरात बदलता येतो.

२२ फेब्रुवारी

नानांशी दीड तास बसलो. त्यांची शंका रास्त होती : आठही आऊटपुट भरले, पुढे खोल्या बांधल्या तर? बीएलयू लिंकवर दुसरा बॉक्स जोडून आउटपुट वाढवता येतात हे दाखवलं. मग विचारलं, बँडवाले आले तर? त्यांच्यासाठी बँक्वेटमध्ये १२ चॅनेलचा साधा मिक्सर. तो सिस्टिमला फक्त एक सोर्स म्हणून दिसेल. बँडवाल्याने काहीही केलं तरी रेस्टॉरंटमधलं गाणं हलणार नाही आणि त्याने विसरलेलं बटण दुसऱ्या दिवशीच्या लग्नात आडवं येणार नाही. हे त्यांना लगेच पटलं. मंजूर.

२७ फेब्रुवारी

वायरचा हिशोब. बँक्वेट सोडून सगळे झोन १०० व्होल्ट लाइनवर. लॉनचा शेवटचा स्पीकर रॅकपासून १२० मीटर. अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला ७.४ ओहम रोध, जाऊन-येऊन २४० मीटर, म्हणजे १.८ ओहम. लॉनवर आठ कॉलम (उभे लांबट स्पीकर), प्रत्येकी २० वॅट, एकूण १६० वॅट. १०० व्होल्टला हा लोड ६२.५ ओहम दिसतो, त्यामुळे तारेत जेमतेम पाव डीबी जातो. हेच साध्या चार ओहमच्या जोडणीवर नेलं असतं तर जवळजवळ एक तृतीयांश ताकद तार गरम करण्यात गेली असती. वायरमन मामांना हा आकडा दाखवल्यावर त्यांनी "दीड स्क्वेअर चालंल ना?" हा प्रश्न परत काढला नाही.

बाकी झोन : रेस्टॉरंट ७२ वॅट, पंगत १५०, गच्ची ९०, पार्किंग ६०, रिसेप्शन-खोल्या ४२. प्रत्येक अँप लोडपेक्षा निदान २० टक्के मोठा.

६ मार्च

कोणाला कोणतं बटण.

रेस्टॉरंट : काउंटरमागे दोन. एकाने गाणी-एक, गाणी-दोन, टीव्ही यातलं निवडायचं. दुसरं आवाजाचं. ते पूर्ण उलटं फिरवलं तरी आवाज शून्य होत नाही, हळू होतो. शून्य ठेवलं तर कोणीतरी रात्री बंद करून जातो आणि सकाळी "सिस्टिम बिघडली" असा फोन येतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. वरची मर्यादाही आतच बांधली.

पंगत, गच्ची, लॉन : प्रत्येकी एक बटण. रिसेप्शन-खोल्या आणि पार्किंगला बटण नाहीच. मोबाइलवरून कंट्रोल द्यायचं नाही असं ठरवलं. मॅनेजर भाऊंना हवं होतं, पण मॅनेजर बदलतात आणि मोबाइल त्यांच्याबरोबर जातो.

१२ मार्च

आजचा दिवस फक्त पेजिंगला, म्हणजे माईकवरून निरोप पुकारायच्या सोयीला दिला. लग्नघरात सगळ्यात महत्त्वाचा आवाज गाण्याचा नसतो, निरोपाचा असतो. "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं." मामा नेमके पार्किंगमध्ये पाहुण्याची गाडी लावून देत असतात नाहीतर पंगतीत वाढप्यांना सूचना देत असतात, आणि मुहूर्त थांबत नाही.

म्हणून रिसेप्शनच्या माईकला दोन बटणं. हिरवं "लग्न" : बँक्वेट, पंगत, लॉन, पार्किंग आणि वधू-वरांच्या खोल्या. लाल "सगळीकडे" : रेस्टॉरंट आणि गच्चीसकट, फक्त आणीबाणीत. हिरवं दाबलं की त्या झोनमधली गाणी २० डीबी खाली जातात, बोलणं संपल्यावर तीन सेकंदांत हळूहळू परत वर येतात. रेस्टॉरंटमधल्या प्रवाशाला अनोळखी लग्नातल्या मामांचा शोध कशाला ऐकवायचा?

बँक्वेटमध्ये एक अपवाद ठेवावा लागला. तिथे मंगलाष्टकं चालू असतील तर पेजिंग आत जाता कामा नये. छोट्या मिक्सरशेजारी एक खटका : "विधी चालू". तो खाली असेल तर निरोप बाकी सगळीकडे जातो, हॉलमध्ये नाही.

१८ मार्च

लॉनच्या कुंपणापलीकडे वस्ती आहे, पंधरा-वीस घरं. संध्याकाळी तिकडे जाऊन आलो. एका अंगणात एक मुलगा अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेला.

ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. खाजगी जागेतल्या सिस्टिमचा आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बँक्वेटसारख्या बंदिस्त हॉलला आतल्या आत वापरायला सूट आहे.

दोन गोष्टी केल्या. लॉनचे कॉलम कुंपणाकडे पाठ करून, तोंड खाली झुकवून आखले. एका मोठ्या जोडीऐवजी आठ छोटे घेतले ते यासाठीच, कारण ऐकणाऱ्याच्या जवळचा स्पीकर हळू वाजला तरी पुरतो. आणि डीएसपीत लॉनला लिमिटर, शिवाय रात्री १० ला गाणी आपोआप बंद. पार्टी ओरडेल याची नानांना काळजी. मी म्हटलं, मॅनेजरने पार्टीशी वाद घालण्यापेक्षा मशीनने बंद केलेलं बरं, आणि ते सगळ्यांसाठी सारखं असतं. नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्या वस्तीतली माणसं आपल्याच शेतावर कामाला येतात. लिमिटर मंजूर.

२५ मार्च

रॅकची जागा बदलली. नकाशात जिन्याखाली होती, वर पत्रा. दुपारी तीनला तिथे थर्मामीटर ठेवला तर ४४. अजून मार्चच चालू आहे, मे महिन्यात खानदेशात बाहेरच ४४-४५ असतं, बंद कपाटात अँप चालू असताना काय होईल ते सांगायला नको. एसी असलेल्या ऑफिसच्या कोपऱ्यात घेतला. दारावर जाळी, आणि ती दर पंधरा दिवसांनी झटकायची; आजूबाजूला जिनिंग आहे, सरकी-कापसाची तूस पंख्यात बसते.

४ एप्रिल

आजचा दिवस वाया गेला. लॉनच्या जॅकची माईक केबल लाइटच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून ओढलेली निघाली. हॅलोजन लावले की घूंऽऽ. बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट कापणारी) केबल होती तरी पन्नास मीटर एकत्र चालल्यावर काय करणार. फरशी बसायची होती म्हणून बरं, वेगळा पाइप टाकून घेतला. यापुढे माईकचा पाइप पिवळा, कामाच्या पहिल्याच दिवशी आणून ठेवायचा.

१० एप्रिल

दुकानात टेबलावर सगळं जोडून पाहिलं. प्लेअरमधून मी फक्त डावी वायर घेतली होती, झोन मोनोच आहेत म्हणून. एका जुन्या गाण्यातलं अर्धं वादन गायब झालं, कारण ते उजवीकडेच होतं. दोन्ही बाजू आत घेऊन डीएसपीत एकत्र केल्या. टीव्हीमधून घूं असा हम येत होता, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकल्यावर गेला.

१६ एप्रिल

जोडणी. अँप लावण्याआधी प्रत्येक लाइन इम्पीडन्स मीटरने (आवाजाच्या एसी करंटला होणारा रोध मोजणारा) मोजतो. साधं मल्टिमीटर इथे उपयोगाचं नाही, ते डीसी रोध दाखवतं. लॉनवर ६२ ओहमच्या आसपास यायला हवे होते, आले ४२. म्हणजे १६० ऐवजी २४० वॅटचा लोड. शिडी लावून एकेक कॉलम उघडला. चार स्पीकर २० ऐवजी ४० वॅटच्या टॅपवर (स्पीकरची ताकद ठरवणारी जोडणी) होते. माझ्याच मदतनीसाने संध्याकाळच्या अंधारात लावलेले. मोजलं नसतं तर त्या बाजूच्या टेबलांवर आवाज दुप्पट ताकदीने पडला असता आणि अँप मर्यादेबाहेर चालला असता. त्याला रागावलो नाही, मीटर त्याच्या हातात दिला आणि उरलेल्या सगळ्या लाइन त्यालाच मोजायला लावल्या. रेस्टॉरंट १३९, बरोबर.

२३ एप्रिल

लाइट घालवून पाहिली. जनरेटर येईपर्यंत डीएसपी बंद पडतो आणि मग पहिल्यापासून सुरू होतो. मंगलाष्टकात तेवढी शांतता परवडत नाही. डीएसपी, माईकचे रिसीव्हर आणि बँक्वेटचा अँप मोठ्या यूपीएसवर घेतले. बाकी झोन गेले तरी चालतील.

बटणांखाली मराठी पाट्या लावल्या. आवाजाच्या बटणावर "रोजचा" असा एक लाल ठिपका रंगाने दिला. संध्याकाळी सगळ्यांना शिकवलं. पंगतीच्या हॉलचं बटण भटारखान्यातल्या मावशींच्या दाराशेजारी आहे. त्यांनी हात पदराला पुसून बटण एकदा फिरवलं, परत ठिपक्यावर आणलं आणि म्हणाल्या, "इतलंच शे का?" मी हो म्हटलं. मॅनेजर भाऊंनी वहीत दोन पानं लिहून घेतली.

३० एप्रिल

आखाजी. उद्घाटन. सकाळी पूजा, दुपारी मांडे आणि आमरस. नानांनी लॉनच्या कडेच्या निंबाला झोके बांधले होते. माहेरी आलेल्या नातेवाईक मुली आणि बाया झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणायला लागल्या, तेव्हा लॉनवर प्लेअरचं गाणं चालूच होतं. मी बटणाकडे निघालो, तोवर एक आजी तिथे पोचल्या होत्या. त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. पाटी वाचून त्यांनी बटण उलटं फिरवलं. आवाज खाली गेला, पण पूर्ण बंद झाला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "अजून कमी?"

लॅपटॉप काढून लॉनची खालची मर्यादा शून्यावर नेली. रेस्टॉरंटला ठरवलेला नियम मी सगळीकडे सरसकट लावला होता.

५ मे

काल पहिलं लग्न. हिरवं बटण नऊ वेळा वापरलं असं रिसेप्शनवरच्या ताईंनी सांगितलं. रात्री १० ला लॉन बंद झालं, एक-दोघांनी विचारलं, वाद झाला नाही. "विधी चालू" खटका विधीनंतर वर करायचा राहून गेला आणि जेवणाचे निरोप हॉलमध्ये गेले नाहीत. त्यावर लाल दिवा हवा, खाली असेपर्यंत लागलेला. डीएसपीच्या लॉजिक आऊटपुटवरून देता येईल. शनिवारी दिवा आणि दोन जादा पॉट घेऊन जायचं.